शार्लमेन बादशहा व त्याची पाटी

इंग्रजी पुस्तक उघडलें कीं पानावर दोन प्रकारचीं अक्षरें दिसतात. वाक्यांच्या व नांवांच्या आरंभीं मोठीं, आणि बाकी सर्वत्र लहान. या लहान अक्षरांस आम्ही लहानपणीं दुसरी एबीसीडी म्हणत असूं. आणि पहिली पाठ झाल्यावर पुन्हां ही दुसरी कशाला शिकावयाची, हा प्रश्न आमच्याप्रमाणें पुष्कळांस पडला असेल. ज्या राजाच्या आश्रयानें हीं अक्षरें युरोपभर पसरलीं, त्यास स्वतःला तीं नीट काढतां येत नव्हतीं, असें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तर आमचें थोडें समाधान झालें असतें. तो राजा म्हणजे शार्लमेन. त्याचें चरित्र येथें सांगावयाचें आम्ही योजिलें आहे. मात्र आरंभींच कळवून ठेवतों कीं हें सगळें चरित्र गौरवाचें नाहीं. त्यांत एक पान रक्तानें भिजलेलें आहे, आणि शाळेच्या अंकांत लिहावयाचें म्हणून तें पान मिटून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

शार्लमेनचा काळ नीट समजावा म्हणून थोडें मागें जावें लागेल. पश्चिम युरोपांतील रोमन बादशाही इ. स. ४७६ मध्यें मोडली. तिच्या मुलुखांत निरनिराळ्या जर्मन टोळ्यांनीं आपापलीं राज्यें मांडलीं. त्यांपैकीं फ्रँक लोकांचें राज्य सर्वांत टिकाऊ ठरलें. फ्रान्स या देशनामांत त्यांचें नांव अद्याप ऐकूं येतें. त्यांच्या पहिल्या राजवंशास मेरोव्हिंजियन असें म्हणतात. या वंशांतील आरंभींचे राजे मोठे तडफदार होते, परंतु अखेरचे नांवाचेच राजे उरले. लांब केस हें त्यांचें राजचिन्ह. ते वाढवावे, सिंहासनावर बसावें, परराज्यांच्या वकिलांस पढविलेलीं उत्तरें द्यावीं, आणि बैलगाडींत बसून घरीं परत जावें, असा त्यांचा क्रम पुढील काळच्या एका लेखकानें थट्टेनें वर्णिला आहे. खरी सत्ता राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याच्या हातीं होती. साताऱ्यास छत्रपति व पुण्यास पेशवे ही व्यवस्था आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तिकडील प्रकार साधारण तसाच, भेद एवढाच कीं पेशव्यांनीं गादीस हात लाविला नाहीं आणि फ्रँकांच्या कारभाऱ्यांनीं तो लाविला. इ. स. ७३२ मध्यें स्पेनमधून चालून आलेल्या अरब फौजेस प्वात्ये शहराच्या बाजूस मागें हटविणारा चार्लस मार्टेल हा असाच एक कारभारी. मार्टेल म्हणजे हातोडा. त्याचा मुलगा पेपिन यानें ७५१ मध्यें पोपची संमति मिळवून अखेरच्या मेरोव्हिंजियन राजाचे ते लांब केस कापविले, त्यास मठांत धाडलें, व आपण राजा झाला. हा पेपिन शार्लमेनचा बाप.

मुलाचें मूळ नांव कार्ल. लॅटिन भाषेंत तें कारोलुस झालें. त्यास लोकांनीं मॅग्नुस म्हणजे थोर ही पदवी जोडली, आणि दोन्ही शब्द फ्रेंचांच्या तोंडीं झिजून शार्लमेन हें एकच नांव बनलें. त्याचा जन्म बहुधा इ. स. ७४८ मधील. त्याच्या बालपणाच्या गोष्टी त्याच्या चरित्रकारानें लिहून ठेविल्या नाहींत, परंतु एक प्रसंग दुसऱ्या कागदांतून कळतो. लोंबार्ड राजाच्या त्रासास कंटाळून पोप दुसरा स्टीफन हा भर हिंवाळ्यांत आल्प्स पर्वत ओलांडून फ्रँकांच्या राज्यांत आला. त्यास सामोरें जाऊन घेऊन येण्याकरितां पेपिननें आपल्या या मुलास पाठविलें. पुढें ७५४ मध्यें पॅरिसजवळच्या सें-दनी येथील मठांत पोपनें पेपिनला व त्याच्या दोन्ही मुलांना पवित्र तेलानें अभिषेक केला. पोप व फ्रँक राजे यांची जी गांठ त्या दिवशीं पडली तिचा परिणाम पुढें दिसेल.

पेपिन ७६८ मध्यें वारला. राज्याचे दोन वांटे झाले. एक कार्लला, एक त्याचा धाकटा भाऊ कार्लोमान याला. भावाभावांचें पटत नव्हतें आणि प्रकरण हातघाईवर येणार अशीं चिन्हें होतीं, तोंच ७७१ मध्यें कार्लोमान अकस्मात् वारला. त्याची विधवा लहान मुलांस घेऊन लोंबार्ड राजा देसिदेरियुस याच्या आश्रयास पळाली. पुतण्यांचा हक्क कार्लनें मानला नाहीं. त्यानें सगळें राज्य आपल्याकडे घेतलें. पुढें पोपच्या हांकेवरून तो इटलींत उतरला, पाव्हिया शहरास वेढा घातला, आणि ७७४ मध्यें लोंबार्डांचा राजमुकुटही आपल्याकडे घेतला. त्या वेढ्यानंतर त्या पुतण्यांचें नांव इतिहासांत पुन्हां येत नाहीं.

येथून पुढें त्याच्या लढायांची मोठी माळच लागते. ती सगळी सांगत बसलों तर वाचक कंटाळतील, आणि आम्हीही. बव्हेरियाचा सरदार तासिलो यास त्यानें ७८८ मध्यें पदच्युत केलें. डॅन्यूब नदीकांठच्या आव्हार लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांठविलेला खजिना त्याच्या फौजेनें ७९६ पर्यंत लुटून आणला. स्पेनमधील स्वारी मात्र फसली. तेथून परततांना १५ ऑगस्ट ७७८ रोजीं पिरेनीज पर्वताच्या खिंडींत बास्क लोकांनीं पिछाडीच्या तुकडीवर घाला घातला व ती सर्व कापून काढली. मेलेल्यांत ब्रिटनी सरहद्दीचा अधिकारी रोलान हा होता. तीनशें वर्षांनंतर शाहिरांनीं याच रोलानवर फ्रेंच भाषेंतील सर्वांत प्रसिद्ध पोवाडा रचला, आणि बास्क डोंगऱ्यांच्या जागीं अफाट मुसलमान सेना उभी केली. पोवाड्यावर इतिहास रचूं नये तो यासाठीं.

आतां तें रक्ताचें पान.

आजच्या जर्मनीच्या वायव्य भागांत त्या काळीं सॅक्सन लोक रहात. ते आपल्या जुन्या देवांस भजत, आणि त्यांस एक राजा असा नव्हता. फ्रँकांच्या सरहद्दीवर त्यांच्या धाडी येत, फ्रँकही त्यांच्या मुलुखांत शिरत. ७७२ मध्यें कार्लनें त्यांच्यावर पहिली मोठी स्वारी केली व त्यांचा इर्मिन्सूल नांवाचा पूज्य स्तंभ उध्वस्त केला. तेव्हांपासून ८०४ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षें, हें युद्ध थांबत थांबत चालूच राहिलें. उन्हाळ्यांत फ्रँक फौज यावी, सॅक्सनांनीं शरण यावें, ओलीस द्यावे, बाप्तिस्मा घ्यावा. फौजेची पाठ फिरतांच चर्चे जाळावीं व पुन्हां बंड करावें. या बंडांचा नायक व्हिडुकिंड नांवाचा एक सरदार होता. ७८२ मध्यें सुंटेल डोंगराजवळ सॅक्सनांनीं एका फ्रँक सैन्याचा धुव्वा उडविला. कार्ल स्वतः धांवून आला. व्हिडुकिंड निसटून डेन लोकांकडे गेला होता. तेव्हां बाकीच्या सॅक्सनांकडून बंडखोर म्हणून माणसें मागून घेण्यात आलीं, आणि आलर नदीच्या कांठीं फेर्डेन येथें एका दिवसांत ४५०० लोकांचीं डोकीं मारण्यात आलीं. हा आंकडा शत्रूनें रचलेला नव्हे. तो फ्रँक दरबाराच्याच बखरींत दिला आहे. आंकडा फुगविलेला असावा असें कांहीं विद्वानांस वाटतें. पण ज्या दरबारास तो फुगवून सांगण्यांत भूषण वाटलें, त्या दरबाराविषयीं त्यावरून काय समजावयाचें तें वाचकांनींच ठरवावें.

याच सुमारास सॅक्सनांसाठीं एक कायदा झाला. बाप्तिस्मा घेण्याचें नाकारून लपून राहील त्यास देहान्त. मेलेल्यास जुन्या चालीप्रमाणें जाळील त्यास देहान्त. उपासाच्या काळांत धर्म तुच्छ लेखून मांस खाईल त्यास देहान्त. शिवाय प्रत्येकानें आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावयाचा. ७८५ मध्यें व्हिडुकिंडनें शस्त्र खालीं ठेविलें. आतिन्यी येथील राजवाड्यांत त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याचा धर्मपिता म्हणून स्वतः कार्ल उभा राहिला. दरबारांत आनंद झाला. पण ७९२-९३ मध्यें सॅक्सनांनीं पुन्हां बंड केलें.

फेर्डेनची हकीकत घडली त्याच सुमारास, ७८२ च्या आसपास, एक इंग्रज शिक्षक कार्लच्या दरबारीं रहावयास आला. त्याचें नांव आल्क्विन. हा यॉर्क शहरांतील धर्मशाळेंत शिकला व तेथेंच शिकवूं लागला; त्या शाळेचा पुस्तकसंग्रह त्या काळीं नांवाजलेला होता. ७८१ मध्यें रोमच्या प्रवासांत इटलींतील पार्मा गांवीं त्याची व कार्लची गांठ पडली, आणि राजानें त्यास आपल्याकडे येण्याचें निमंत्रण दिलें. आल्क्विन तेव्हां पंचेचाळिशीच्या घरांत होता. आमच्या मतें कार्लनें आयुष्यांत जीं मोठीं कामें केलीं त्यांत या मास्तरास बोलाविणें हें पहिल्या प्रतीचें काम होय.

विद्येची त्या वेळीं काय अवस्था होती, हें एका गोष्टीवरून कळेल. मठामठांतून राजाकडे पत्रें येत. आम्ही आपणासाठीं प्रार्थना करीत आहों असा मजकूर असे. पण भाषा इतकी अशुद्ध असे कीं ज्यांना साधें पत्र धड लिहितां येत नाहीं ते धर्मग्रंथ धड वाचीत तरी असतील काय, अशी शंका राजास येऊं लागली. त्यानें तशा अर्थाचें आज्ञापत्रच काढलें. पुढें ७८९ मध्यें एक मोठा जाहीरनामा निघाला. प्रत्येक मठांत व प्रत्येक बिशपाच्या ठिकाणीं मुलांसाठीं शाळा असावी. तींत स्तोत्रें, गायन, पंचांगाचें गणित व व्याकरण शिकवावें. पुस्तकें तपासून शुद्ध करावीं, आणि पवित्र ग्रंथांची नक्कल पोरांकडून न करवितां जाणत्या माणसांकडून करवावी, असें त्यांत फर्माविलें होतें. ऑर्लेआं येथील बिशप थेओडुल्फ यानें तर आपल्या हद्दींतील खेड्यापाड्यांच्या पाद्र्यांना हुकूम केला कीं मुलांस फी न घेतां शिकवावें. आईबाप खुषीनें देतील तेवढेंच घ्यावें. हे हुकूम सर्वत्र पाळले गेले असें मुळींच नाहीं. तरी इतक्या मोठ्या मुलुखाच्या राजानें शाळा ही राज्यकारभाराची बाब समजावी, ही त्या युगांत नवी गोष्ट होती.

राजवाड्यांत तर राजा, राणी, मुलगे, मुली, सरदारांचीं पोरें अशी सगळ्यांचीच शाळा भरे. इटलीहून आलेला म्हातारा पीटर राजास व्याकरण शिकवी. आल्क्विन तर्क, अलंकार व ज्योतिष शिकवी. या मंडळींत एकमेकांस टोपण नांवें ठेवण्याची गंमत होती. राजा म्हणजे दावीद. आल्क्विन म्हणजे फ्लाकुस, कारण रोमन कवि होरेस याचें तें नांव. आंगिलबर्ट नांवाच्या दरबारी कवीस तर थेट होमरच म्हणत. शरीरानें ठेंगणा पण हुन्नरी असा आइनहार्ड यास बायबलांतील कारागिराच्या नांवावरून बसालेल म्हणत. याच आइनहार्डनें राजाच्या मृत्यूनंतर त्याचें चरित्र लिहिलें, आणि तें नसतें तर शार्लमेन हा माणूस म्हणून आपल्याला फारसा कळलाच नसता.

हा आइनहार्डच त्या पाटीची गोष्ट सांगतो. राजा लॅटिन आपल्या मातृभाषेसारखी बोले. ग्रीक त्यास बोलतां येत नसे पण समजे. जेवतांना तो पुस्तकें वाचवून ऐके, व त्यांत संत ऑगस्टीनचे ग्रंथ त्यास विशेष आवडत. परंतु लिहिणें लहानपणीं शिकावयाचें राहून गेलें होतें. तेव्हां मेण लाविलेल्या पाट्या व कोऱ्या वह्या तो अंथरुणांत उशीखालीं ठेवी, आणि रात्रीं वेळ मिळाला कीं अक्षरें गिरवी. ज्या हातानें हजारों कोस फौजा हांकल्या तो हात या कामीं वळेना. वय झालें होतें. फारसें यश आलें नाहीं, असें चरित्रकार आडपडदा न ठेवतां लिहितो. धन्याची ही उणीव झांकणें आइनहार्डला सहज शक्य होतें. त्यानें ती झांकली नाहीं म्हणून आम्ही त्याचे आभारी आहों.

राजाला जीं अक्षरें साधलीं नाहींत, त्यांचीही थोडी हकीकत सांगितली पाहिजे. त्यापूर्वीं गॉल, इटली, स्पेन, आयर्लंड अशा प्रत्येक ठिकाणीं लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. अक्षरें एकमेकांत गुंतत, शब्द शब्दांस चिकटत. एका मठाचें पुस्तक दुसऱ्या मठांत वाचावयाचें तर मोडी न येणाऱ्यानें जुनें दफ्तर उघडावें तशी गत. कार्लच्या कारकीर्दीच्या आरंभीं कॉर्बी वगैरे मठांत गोल, सुटें व स्वच्छ असें एक वळण तयार झालें, तें दरबारानें उचललें, व त्याचा प्रसार राज्यभर झाला. पुढें ७९६ मध्यें आल्क्विन तूर शहरांतील संत मार्टिनच्या मठाचा मुख्य झाला. त्या मठांत पुढें या वळणानें संपूर्ण बायबलाच्या भव्य प्रती एकामागून एक निघाल्या. नवव्या शतकांत नकललेल्या सुमारें ७००० पोथ्या अद्याप शिल्लक आहेत. जुन्या रोमन लेखकांच्या पुष्कळ ग्रंथांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती याच काळच्या आहेत; मूळच्या त्याहून जुन्या प्रती नष्ट झाल्या. पंधराव्या शतकांत इटलींतील पंडितांस या पोथ्या सांपडल्या, तेव्हां हें अक्षर खुद्द प्राचीन रोमनांचेंच असा त्यांचा समज झाला आणि त्यांनीं त्याचें अनुकरण केलें. छापखानेवाल्यांनीं त्या अनुकरणावरून खिळे पाडले. आमची दुसरी एबीसीडी ती हीच.

आल्क्विननें राजास अक्षरेंच शिकविलीं असें नाहीं. आव्हार लोकांचा पाडाव झाल्यावर, ७९६ मध्यें, आतां त्यांनाही सॅक्सनांसारखेंच बाटविणार अशी चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां या वृद्ध शिक्षकानें राजास व दरबारांतील वजनदार माणसांस पत्रें लिहिलीं. त्यांतील आशय असा कीं, श्रद्धा ही मनुष्याच्या इच्छेनें यावयाची वस्तु आहे. माणसास बाप्तिस्म्याकडे ढकलतां येईल, श्रद्धेकडे ढकलतां येणार नाहीं. आधीं शिकवावें, मग बाप्तिस्मा द्यावा. नव्या लोकांवर दहाव्या हिश्श्याचें ओझें लादूं नये. सॅक्सनांची श्रद्धा त्या ओझ्यानेंच बुडाली. ज्या राजाच्या अन्नावर आपण आहों, ज्याच्या कृपेनें मठ मिळाला, त्यासच हें सांगावयाचें होतें, आणि फेर्डेन कोणी विसरलें नव्हतें. आल्क्विननें तें सांगितलें. ७९७ मध्यें सॅक्सनांसाठीं दुसरा कायदा झाला, व त्यांत बऱ्याच गुन्ह्यांस देहान्ताच्या ठिकाणीं दंड आला. सगळें श्रेय एकट्या आल्क्विनचें म्हणतां येणार नाहीं, कारण युद्धास राजाही कंटाळला असावा. शिवाय जुलूम तेवढ्यानें संपला असेंही नाहीं; ८०४ मध्यें एल्ब नदीपलीकडचे दहा हजार सॅक्सन बायकामुलांसह उठवून राज्यांत इकडे तिकडे वसविले गेले. त्याच वर्षीं १९ मे रोजीं आल्क्विन तूर येथें वारला.

कार्लच्या कारभाराविषयीं थोडें. राज्याचे जिल्हे पाडलेले असून प्रत्येकावर काउंट नांवाचा अंमलदार असे, व सरहद्दीच्या प्रांतांस मार्क म्हणत. अंमलदार दूर असला कीं धनी होऊन बसतो, हें राजा जाणून होता. म्हणून तो एक बिशप व एक सरदार अशी जोडी तपासणीस पाठवी. ८०२ मध्यें ही पद्धत त्यानें पक्की केली. या राजदूतांनीं विधवा, पोरकीं मुलें व गरीब यांच्या तक्रारी ऐकाव्या व अंमलदारांस जाब विचारावा. त्यानें चांदीचें नाणें सुधारलें. एका पौंड चांदीचे २४० पेनी, १२ पेनींचा एक शिलिंग. वाचकांच्या आजोबांनीं शाळेंत पौंड-शिलिंग-पेन्सचीं जीं वैतागवाणीं उदाहरणें सोडविलीं त्यांचें मूळ येथें आहे. खुद्द इंग्लंडानें तो हिशेब १९७१ मध्यें सोडला. दुष्काळानंतर ७९४ मध्यें फ्रांकफुर्टच्या सभेंत त्यानें भाकरीचा भावही बांधून दिला: एका पेनीस प्रत्येकीं दोन पौंड वजनाच्या गव्हाच्या १२ भाकरी, जवाच्या २०. आणि ७९३ मध्यें ऱ्हाईन व डॅन्यूब या दोन नद्यांचीं पाणीं कालव्यानें जोडण्याचा त्यानें घाट घातला. हजारों मजूर खपले. पण पाऊस लागला, दिवसां उपसलेला चिखल रात्रीं परत घसरे, आणि काम सोडावें लागलें असें बखर सांगते. बव्हेरियांत त्या चराचा कांहीं भाग अद्याप दिसतो. अलीकडील उत्खननांत तेथें जीं लांकडें निघालीं त्यांवरून तें काम खरोखर ७९३ मधीलच हें ठरलें आहे.

इ. स. ७९९ मध्यें रोममध्यें पोप तिसरा लिओ याच्यावर शत्रूंनीं भर रस्त्यांत हल्ला केला. तो जीव वांचवून कार्लकडे पाडरबोर्न येथें पळून आला. पुढल्या वर्षीं कार्ल रोमला गेला, आणि २५ डिसेंबर ८०० रोजीं, नाताळच्या उपासनेंत, संत पेत्राच्या मंदिरांत लिओनें त्याच्या मस्तकीं मुकुट ठेवून त्यास रोमन बादशहा म्हणून जाहीर केलें. पश्चिमेकडे ३२४ वर्षांनीं बादशहा झाला. पोपचा बेत अगोदर कळला असता तर आपण त्या दिवशीं मंदिरांत पाऊलही ठेविलें नसतें, असें कार्ल म्हणे, असें आइनहार्ड लिहितो. आम्हांस हें सगळें खरें वाटत नाहीं. पण मुकुट पोपच्या हातून आला ही गोष्ट त्यास खुपली असावी. कारण ८१३ मध्यें आपल्या मुलास बादशहा करतांना त्यानें पोपला बोलाविलें नाहीं.

लहान वाचकांसाठीं हत्तीची गोष्ट राखून ठेविली आहे. बगदादचा खलिफा हारून-अल-रशीद याच्याकडे कार्लनें ७९७ मध्यें वकील पाठविले. त्यांतले दोघे वाटेंतच वारले. तिसरा, आयझॅक नांवाचा यहुदी, एक हत्ती घेऊन परत निघाला. हत्तीचें नांव अबुल-अब्बास. आफ्रिकेच्या किनाऱ्यानें येऊन, समुद्र ओलांडून ८०१ मध्यें तो इटलींत उतरला; आल्प्सवर बर्फ होतें म्हणून हिंवाळाभर त्यास तेथेंच बांधून ठेविलें, आणि ८०२ च्या जुलैंत तो आखेन शहरीं बादशहापुढें उभा राहिला. आठ वर्षें तो तेथें जगला. दरबारच्या बखरकारानें लढाया व तह यांच्या जोडीस त्याच्या मृत्यूचीही नोंद केली आहे.

आखेन ही कार्लची आवडती राजधानी. तेथें गरम पाण्याचे झरे होते आणि राजा पट्टीचा पोहणारा. मुलगे, सरदार, शरीररक्षक अशी शंभर शंभर माणसें त्याच्याबरोबर पाण्यांत असत. तेथें त्यानें बांधलेलें अष्टकोनी मंदिर आजही उभें आहे. त्याचे खांब रोम व राव्हेन्ना येथून आणविले होते. माणूस सहा फुटांहून किंचित् उंच, हें त्याच्या अस्थींच्या मापावरून कळतें. आवाज मात्र देहाच्या मानानें बारीक. पोशाख साधा, फ्रँक लोकांचाच. दारूबाजांचा त्यास तिटकारा होता, पण भाजलेल्या मांसावर त्याचा जीव, आणि तें सोडून उकडलेलें खा म्हणणारे वैद्य त्यास शत्रूसारखे वाटत. मुलींवर त्याची इतकी माया कीं त्यानें एकीचेंही लग्न करून दिलें नाहीं. ही माया कीं आपमतलब, आम्हांस सांगवत नाहीं. थोरला मुलगा पेपिन पाठीनें कुबडा होता. वारशांतून आपल्यास वगळलें हें पाहून त्यानें ७९२ मध्यें बापाविरुद्ध कट केला, व उरलेलें आयुष्य प्र्यूमच्या मठांत काढलें.

शेवटचीं वर्षें दुःखाचीं गेलीं. ८१० मध्यें इटलीचा राजा असलेला मुलगा वारला, ८११ मध्यें ज्याच्यावर सर्व भिस्त होती तो कार्ल वारला. उरला एकटा लुई. पण काम थांबलें नाहीं. जुन्या फ्रँक वीरांचीं गाणीं उतरवून घ्यावीं, आपल्या मातृभाषेचें व्याकरण लिहावें, बारा महिन्यांस तिच्यांतलीं नांवें द्यावीं, असे उद्योग या लॅटिनभक्त बादशहानें केले होते. ८१३ मध्यें तूर येथील धर्मसभेनें ठरविलें कीं उपदेश लोकांच्या बोलीभाषेंत, गांवढळ रोमान्स अथवा जर्मन भाषेंत, करावा, म्हणजे तो सर्वांस समजेल. लॅटिन शुद्ध केली तेव्हांच लोक जें बोलतात तें लॅटिन राहिलें नाहीं हें उघडकीस आलें, ही मौज आहे. ८१४ च्या जानेवारींत स्नानानंतर त्यास ताप भरला, कुशींत कळ येऊं लागली. त्यानें आपल्या नेहमींच्या समजुतीप्रमाणें लंघन केलें. २८ तारखेस सकाळीं नऊच्या सुमारास तो वारला व त्याच दिवशीं आखेनच्या मंदिरांत त्याचें दफन झालें.

राज्य फार टिकलें नाहीं. ८४३ मध्यें व्हेर्दें येथें त्याच्या तीन नातवांनीं त्याचे तीन तुकडे केले. त्याच्या कार्ल या नांवावरून पोलंड, बोहेमिया व हंगेरी या देशांच्या भाषांत राजा या अर्थाचा शब्द मात्र कायमचा रूढ झाला.

आणि सॅक्सन? ८२२ मध्यें त्यांच्या मुलुखांत व्हेसर नदीकांठीं एक मठ स्थापन झाला. कॉर्बीच्या मठांतून आलेल्या साधूंनीं तो वसविला म्हणून त्याचें नांव कॉर्व्हे. तें स्वच्छ वळणाचें अक्षरही त्यांच्याबरोबर आलें. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या एका मोठ्या ग्रंथाचे पहिले भाग जगांत एकाच पोथीनें राखले, ती पोथी या मठांत होती. ९३६ मध्यें आखेनच्या त्याच अष्टकोनी मंदिरांत, कार्लचें म्हणून मानल्या जाणाऱ्या दगडी सिंहासनावर, ऑटो नांवाचा एक सॅक्सन राजा बसला. त्याची आई माटिल्डा ही बंडखोर व्हिडुकिंडच्या कुळांतली होती. या सॅक्सन राजांचा इतिहास कॉर्व्हेच्या मठांतील एका साधूनें दहाव्या शतकांत लॅटिन भाषेंत लिहिला. त्या साधूचें नांव व्हिडुकिंड.